वरचा पट्टा

आर्विडनं झाडाखाली उभं राहून तिसऱ्यांदा वर टॉर्च मारला तेव्हा त्याची सून ब्रिटा हळूच म्हणाली, "पुरे आता. तो पट्टा लाजून सुटेल अशानं."

ती सहज बोलून गेली होती, पण सासऱ्यानं टॉर्च खाली घेतला नाही. "बघू दे," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं चौथ्यांदा बघून घेतलं. ओकच्या बुंध्याला अठरा फुटांवर दोन मचाणं टांगलेली होती, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. प्रत्येकाला दोन पट्टे, वरचा आणि खालचा. खालच्यानं मचाण हलत नाही एवढंच; माणसाचा भार सगळा वरच्यावर. चारही पट्टे त्यानं गेल्या आठवड्यात नवे कोरे आणून बांधले होते आणि अडुसष्टाव्या वर्षी स्वतः त्यांना लोंबकळून पाहिलं होतं. शेजारच्या शेतातून कोणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाला असता.

पडलंच तर माणसाला अधांतरी धरून ठेवणाऱ्या हार्नेसचे पट्टे ब्रिटानं खांद्यांवर आणि मांड्यांवर आवळले. झाडावरून खाली आलेल्या जाड दोराला कमरेची कडी अडकवली आणि दोरावरची गाठ वर सरकवत सरकवत ती शिडी चढली. वर पोचल्यावर तिनं धनुष्य सुतळीनं ओढून घेतलं. मग आर्विड चढला. नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता, पारा उणे आठवर, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पश्चिमेकडच्या त्या दरीत वारा अगदी पडलेला होता. टॉर्च विझवल्यावर दोघांना एकमेकांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

मचाणावर बसून धनुष्यानं शिकार करणारे मोठे धाडसी असतात, असा शहरात समज आहे. धाडस कसलं त्यात. थंडीत हात-पाय बधिर होईपर्यंत गप्प बसायचं आणि डोक्यात जे काय येईल ते सोसायचं, एवढंच ते काम. आर्विडच्या डोक्यात दोन वर्षं एकच गोष्ट येत होती, आणि आज तर तो त्याच झाडावर बसला होता.

दोन वर्षांपूर्वी याच ओकवरून नील्स पडला होता. ब्रिटाचा नवरा, आर्विडचा एकुलता एक मुलगा, वय चौतीस. गावात, चर्चमध्ये आणि शेरीफच्या माणसाच्या कागदावर जे लिहिलं-बोललं गेलं ते असं, की नील्स हार्नेस न घालता चढला आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना घसरला. हार्नेस पिकअपमध्ये सीटमागे सापडलं, त्यामुळे कोणी पुढे काही विचारलं नाही. हार्नेसचं खरंच होतं. घसरल्याचं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात फक्त आर्विडला ठाऊक होतं.

टॉलेफसनांकडे, म्हणजे आर्विडच्या घराण्यात, पट्टे ऑगस्टमध्ये बदलायची रीत. उन्हानं नायलॉन कुजतं, खारी ते कुरतडतात, आणि झाडही वर्षभरात जाड होतं, ते पट्ट्याला आतून ताणत राहतं. म्हणून गवताची तिसरी कापणी उरकली की बापानं सहाही मचाणांचे पट्टे बदलायचे आणि मुलाला 'झालं' म्हणून सांगायचं. हे काम म्हाताऱ्याचं, त्यात तरुणानं लक्ष घालायचं नाही, असा आर्विडच्या बापापासूनचा शिरस्ता. त्या वर्षी कापणीत पावसानं घोळ घातला. आर्विडनं पाच मचाणं केली. ओकपाशी आला तेव्हा अंधारून आलं होतं, गुडघा ठणकत होता. त्यानं खालूनच पाहिलं, पट्टा बरा दिसला. पुढच्या रविवारी बदलू, म्हणाला. पुढच्या रविवारी गवत बांधायचं निघालं. नंतर एकदा जेवणाच्या टेबलावर नील्सनं कॉफी ओतता ओतता विचारलं, "बदलले का सगळे?" आणि आर्विड म्हणाला, "सगळे."

नील्स आर्विडलाच सापडला होता. वर मचाण खालच्या पट्ट्यावर वाकडं लोंबत होतं आणि वरचा पट्टा दोन तुकडे होऊन लटकत होता. ॲम्ब्युलन्सची माणसं अंधुक उजेडात आली, त्यांनी खाली पडलेल्या माणसाकडे पाहिलं, वर बघायला कोणाला सुचलं नाही. दुपारी शेरीफचा माणूस येईपर्यंत आर्विडनं मचाण उतरवलं होतं. डोळ्यांसमोर नको होतं, असं तो म्हणाला. "घसरला असेल," तो माणूस हळहळत म्हणाला, आणि आर्विडनं मान हलवली. फक्त मान हलवली. पण तेवढ्यानं काम झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित तो गप्प बसून मेलाही असता. पण ब्रिटा नवऱ्यावर चिडली ती चिडलीच. तिनं थडग्यावर फुलं ठेवली नाहीत. सहा वर्षांची इंगा विचारी, डॅडी कसे मेले, तर ती सांगे, "हट्टी होते म्हणून." आणि महिन्यापूर्वी इंगा आर्विडच्या घरी पॅनकेक खाताना म्हणाली, "ग्रँपा, डॅडींना आपण फारसे आवडत नव्हतो. म्हणून त्यांनी हार्नेस नाही घातलं." ते पोरीनं अगदी शांतपणे सांगितलं. शाळेत शिकवलेलं सांगावं तसं. त्या दिवसापासून आर्विडला घास गोड लागत नव्हता.

सांगून टाकावं, तर ब्रिटा मुलीला घेऊन निघून जाईल. अंगणापलीकडच्या घरात त्या दोघी होत्या म्हणून तर त्याच्या घरात सकाळी दिवा लागत होता. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि दुसरं कोणी नव्हतं. न सांगावं, तर नील्स स्वतःच्या मुलीच्या मनात असाच राहील, तिच्यावर जीव नसलेला बाप म्हणून. रोज सकाळी तो ठरवी, आज सांगायचं. रोज संध्याकाळी तोंडात गुळणी धरून झोपी जाई.

त्याआधीच, उन्हाळ्यात, ब्रिटानं धनुष्य काढलं होतं. हरणाचं मांस संपलंय, ती म्हणाली. खरं कारण तिनं एकदाच सांगितलं. "मला तिथं बसून बघायचंय, आम्हाला सोडून बघण्यासारखं असं काय होतं तिथं." आर्विडनं तिला मेपलचं झाड सुचवलं, ओढ्याकाठचं सुचवलं, वाऱ्याची दिशा समजावली. "मला ओकच पाहिजे," ती म्हणाली. तीन महिने ती रोज अंगणात गवताच्या पेंढीवर बाण मारत होती. वीस पावलांवरून बशीएवढ्या जागेत तिचे बाण बसायला लागले तेव्हा आर्विडकडे नाही म्हणायला कारण उरलं नाही.

उजाडलं ते हळूहळू, रंग न दाखवता. आधी बुंधे दिसायला लागले, मग पाचोळ्यावरचं दंव. सात वाजता मेपलच्या बाजूनं पाचोळा वाजला आणि एक हरिणी आली. मोठी, पोसलेली, एकटी. चार पावलं चालायची, थांबायची, मान वर करायची. आर्विडनं श्वास रोखला. ब्रिटा उठून उभी राहिली ती इतकी सावकाश, की म्हाताऱ्याला तशाही स्थितीत तिचा अभिमान वाटला. तिनं धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढली. हरिणी वीस पावलांवर आडवी उभी राहिली.

बाण सुटला त्याच क्षणी हरिणीनं एक पाऊल पुढे टाकलं.

आवाजावरूनच आर्विडला कळलं. फुप्फुसात बाण गेला की जनावर उसळी मारतं आणि सुसाट सुटतं. ही पाठीची कमान करून उभी राहिली आणि मग चालत, अगदी चालत, झुडपांत शिरली.

"लागला ना?" ब्रिटा कुजबुजली.

"लागला. मागे लागला."

"किती मागे?"

"बाण बघू. अर्धा तास हलू नकोस."

अर्ध्या तासानं ते उतरले. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. आर्विडनं पिसांवरचं रक्त बोटांवर घासलं, वास घेतला. गर्द लाल, फेस नाही, घाण वास नाही. "यकृत," तो म्हणाला. "चार तास."

"चार तास काय?"

"थांबायचं. चल, आवाज न करता पिकअपपाशी जाऊ."

पिकअप शेताच्या कडेला होती. इंजिन बंदच ठेवून दोघं आत बसली. काचा श्वासानं धुरकट झाल्या. ब्रिटानं थर्मासचं झाकण उघडलं आणि कॉफी न ओतता परत लावलं.

"तिला दुखत असेल," ती म्हणाली.

"असेल."

"मग जाऊ या ना. संपवू तरी."

"आत्ता गेलो तर ती उठेल. या दरीतून त्या दरीत जाईल, आपल्याला कधी सापडायची नाही, आणि दुखायचं तेवढं दुखेलच. बसू दिलं तर जवळपास निजेल आणि तिथंच जाईल."

"हे बरं आहे. चूक मी करायची आणि वर इथं बसून कॉफी प्यायची."

"कॉफी नको पिऊस."

ती थोडी हसली. मग हसू गेलं. "ती पाऊल उचलतेय हे मला दिसलं होतं, आर्विड. दिसलं, आणि तरी मी सोडला. तीन महिने केलं ते सगळं पाण्यात. घरी गेल्यावर इंगाला सांगेन."

"तिला कशाला सांगायचं?"

"का? मांस तिच्याच ताटात जाणार आहे. आईनं वाईट मारलं, बिचारी चार तास पडून होती, हे तिला कळू दे की." तिनं हातमोजे काढून मांडीवर आपटले. "नील्सनं कधी असं मारलं नाही. त्याच्या हातून जनावराचे हाल कधी झाले नाहीत. आमचे केले, तेवढेच."

आर्विडनं थर्मास उचलून दोघांच्या मधे ठेवला.

"सकाळी मी मोजलं," ब्रिटा म्हणाली. "कडी अडकवायला चार सेकंद लागतात. बोटं गारठलेली असतानाही चारच. मी वर बसून तेच मोजत होते, हरणं कुठली बघतेय. चार सेकंद नव्हते त्याच्याकडे आमच्यासाठी. इंगासाठीसुद्धा नव्हते. तुमचा मुलगा आहे, तुम्हाला वाईट वाटेल, पण मी खरं सांगते, मला त्याची आठवण येत नाही. राग येतो फक्त. सकाळी उठले की राग येतो."

"ब्रिटा," आर्विड म्हणाला, "पट्टा तुटला."

तिनं बाहीनं काच पुसून ओकच्या दिशेनं पाहिलं. "आत्ता? कुठला?"

"आत्ता नाही. तेव्हा. नील्सच्या मचाणाचा. वरचा."

पुढचं त्यानं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता. पाच केले आणि एक राहिला. खालून पाहिलं. टेबलावर नील्सनं विचारलं आणि आपण 'सगळे' म्हणालो. सकाळी मचाण वाकडं लोंबत होतं. शेरीफच्या माणसापुढे मान हलवली. सांगताना तो समोरच्या काचेकडे बघत होता आणि काचेवर धुक्याशिवाय काही नव्हतं.

ब्रिटानं हातमोजे पुन्हा हातांत चढवले. मग तिनं कामाचं विचारावं तसं विचारलं, "कडी लावलेली असती तर?"

"लटकला असता. शिव्या घालत लटकला असता, पण वाचला असता."

"म्हणजे त्याचंही चुकलं."

"चुकलं. पण तसं मी चाळीस वर्षं चुकत आलो, हार्नेस न घालता चढत आलो. माझे पट्टे धरून राहिले म्हणून मी इथं बसलोय. तो घसरला नाही, ब्रिटा. पाय बरोबर ठिकाणी टाकला होता त्यानं. मी बांधलंय म्हणून निर्धास्त टाकला."

"पट्टा कुठं आहे?"

"जाळला."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

तिनं मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "त्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसले होते."

"हो."

"तुम्ही स्टोव्हमध्ये लाकडं सारत होता. माझ्याकडे पाठ करून. मला म्हणालात, गारठली आहेस, जवळ सरक."

"हो."

ब्रिटा दार उघडून उतरली. दार तिनं आपटलं नाही. जवळ जखमी जनावर होतं. कापलेल्या मक्याच्या धसकटांतून ती शेताच्या मध्यापर्यंत चालत गेली आणि पाठ करून उभी राहिली. आर्विडला वाटलं, ही आता तशीच रस्त्याला लागेल, घरी जाईल, सामान बांधेल. पण मागे जाऊन समजूत घालायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं. तो बसून राहिला. पायांची बोटं बधिर झाली, मग घोटे.

बऱ्याच वेळानं ती परत आली आणि खिडकीपाशी थांबली. "वाजले किती?"

"साडेदहा."

"म्हणजे अजून पाऊण तास."

आत काही ती आली नाही. मागच्या फळीवर जाऊन बसली, त्या थंडीत, आणि पाऊण तास तिथंच बसली. तिचं वजन पिकअपला जाणवत होतं, आणि ते जाणवतंय याचाच आर्विडला आधार वाटत होता.

सव्वाअकराला ते निघाले. माग काढताना दोघांनी बोलायचं नसतंच, त्यामुळे न बोलणं सोपं गेलं. ब्रिटा पुढे, आर्विड मागे. शेवटचा थेंब दिसला की तो तिथं टिश्यूचा कपटा ठेवी आणि ती पुढचा शोधी. पाचोळ्यावर थेंब, मग फांदीच्या खालच्या बाजूला पुसट फराटा, मग साठ पावलं काहीच नाही. आर्विड गुडघ्यांवर टेकला. दंव वितळून सगळंच ओलं झालं होतं. तो रांगत रांगत गवताची पाती उलटी करून बघू लागला. ब्रिटा वर उभी राहून बघत होती. "उठा," एकदा ती म्हणाली, "मी बघते." तो उठला नाही. अखेर एका पात्याच्या मागे मोहरीएवढा ठिपका सापडला आणि त्यानं बोटानं दिशा दाखवली.

हरिणी ओढ्याकाठच्या झुडपांत होती, पाय दुमडून, मान कुशीकडे वळवून, गाय निजते तशी. आर्विडनं काठीचं टोक तिच्या उघड्या डोळ्याला लावलं. पापणी हलली नाही.

ब्रिटा तिच्यापाशी बसली आणि तिनं मानेवर हात ठेवला. "उठून कुठं गेली नाही ही."

"नाही. एकदाच निजली, इथंच."

"लवकर गेली असेल का?"

"सांगता येत नाही. अंग गार पडायला लागलंय."

खोटं बोलून तिला दिलासा देणं सोपं होतं. आज ते त्याला जमलं नाही. ब्रिटानं कोटाच्या बाह्या वर केल्या, सुरी काढली. आर्विडनं मागचा पाय धरून ठेवला, तिनं पोट उघडलं. उन्हाळ्यात त्यानं तिला कागदावर चित्र काढून शिकवलं होतं, पण तिला एकदाही विचारावं लागलं नाही. कोपरापर्यंत हात रक्तानं भरलेले, ती आतडी बाहेर काढता काढता बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता.

"मी आज तुम्हाला काही बोलणार नाही. बोलले तर थांबता यायचं नाही मला."

"बोल ना."

"नाही. तुमच्यावर चिडायला मला आयुष्य पडलंय, तुम्ही पलीकडच्याच घरात राहता. मला दुसरंच समजत नाहीये. दोन वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या त्याची माफी कुठं जाऊन मागू? सांगा ना. तुम्हाला सांगायला मी तरी होते."

आर्विडनं पाय घट्ट धरून ठेवला.

"इंगाला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "आजच. मी सांगणार नाही. पट्टा, टेबलावरचं बोलणं, सगळं."

"सांगतो."

"स्टोव्हसुद्धा."

"ती सहा वर्षांची आहे, ब्रिटा."

"डॅडींना आपण आवडत नव्हतो हे समजायला सहाचीच होती ती."

म्हणजे इंगा ते हिच्याकडेही बोलली होती. आर्विडनं मान खाली घातली. "स्टोव्हसुद्धा," तो म्हणाला.

हरिणीला दोर बांधून दोघांनी ओढत शेतापर्यंत आणली. चढावर आर्विडला धाप लागली तेव्हा ब्रिटा थांबली. तो सावरल्यावर पुन्हा ओढायला लागली.

इंगा रात्री मैत्रिणीकडे झोपायला गेली होती. मैत्रिणीच्या आईनं तिला दीडला आणून सोडलं. ती धावत ब्रिटाच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा आर्विड टेबलाशी बसला होता, टोपी हातात घेऊन. ब्रिटा सिंकपाशी उभी होती, हात अजून धुतले नव्हते.

"मिळालं?" इंगानं विचारलं.

"मिळालं. बस इथं," आर्विड म्हणाला. "ग्रँपाला एक सांगायचंय."

ती समोर बसली. त्यानं सांगितलं. सहा वर्षांच्या पोरीला सांगायचं म्हणून सोपे शब्द शोधले, आणि सोपे शब्द शोधताना त्याच्या लक्षात आलं की ते जास्त वाईट आहेत. मी काम केलं नाही. मी केलं म्हणालो. डॅडींनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग मी तुटलेला पट्टा जाळला, म्हणजे कोणाला कळू नये. मध्ये तो अडखळला तेव्हा इंगानं आईकडे पाहिलं. आई गप्प उभी होती, म्हणून ती पुन्हा आजोबाकडे वळली.

"म्हणजे डॅडी हट्टी नव्हते?"

"हार्नेस घालायला हवं होतं, ते त्यांचं चुकलं. पण पडले ते माझ्यामुळे. आणि इंगा, त्या दिवशी निघताना ते मला म्हणाले, नऊच्या आत परत येतो, इंगाला पॅनकेक करून द्यायचेत. तू त्यांना फार आवडायचीस. सगळ्यांत जास्त."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला भीती वाटत होती. तुम्ही दोघी निघून जाल म्हणून."

इंगानं विचार केला. मग ती आईला म्हणाली, "आई, मग आता तू डॅडींवर रागावू नको ना."

ब्रिटानं सिंकची कड धरली. ती काहीतरी बोलायला गेली, पण शब्दाऐवजी भलताच आवाज आला, आणि ती तिथंच जमिनीवर बसली, बूट घातलेली, रक्ताचे हात वर धरून. नील्सला पुरताना ती रडली नव्हती. आता त्याचं नाव घेऊन रडायला लागली. नील्स, नील्स, दुसरं काही नाही, लहान मूल हाका मारतं तशी. इंगा घाबरली, मग जाऊन तिच्या मांडीत शिरली. रक्त पोरीच्या स्वेटरला लागलं आणि कोणी ते पुसलं नाही.

आर्विड उभा राहिला. थांब म्हणून कोणी म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही. तो बाहेर आला. मांस खराब व्हायच्या आत हरिणी गोठ्यात तुळईला टांगायला हवी होती, आणि ते एकट्याच्यानं होण्यातलं नव्हतं. त्यानं पिकअप गोठ्यापर्यंत नेली, साखळी सोडली, मागच्या पायांत आडवी काठी घातली. मग तो मागच्या फळीला टेकून उभा राहिला. आतलं रडणं अंगणापर्यंत येत होतं. पुढे ते थांबलं, तरी दार उघडलं नाही.

तासाभरानं ब्रिटा आली. डोळे सुजलेले, हात धुतलेले. तिनं साखळीचं टोक हातात घेतलं.

"उचला," ती म्हणाली.

त्यानं हरिणीला खालून खांदा दिला, तिनं साखळी ओढली. जनावर हळूहळू वर गेलं. तिनं कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"काही दिवस तुम्ही आमच्याकडे येऊ नका," ती म्हणाली. "मला तुमचं तोंड बघवणार नाही."

"बरं."

"कुठं जात नाहीये मी. निदान आज तरी तसं काही ठरवलेलं नाही." ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली. "इंगाला पाठवीन. पुढच्या रविवारी. तिला पॅनकेक करून द्या, आणि तो काय काय म्हणाला होता त्या दिवशी, ते सगळं सांगा तिला. मग ती येऊन मला सांगेल."

"बरं," आर्विड म्हणाला.

ती अंगण ओलांडून घरात गेली. आठ दिवस होते मध्ये. म्हातारा गोठ्यात उभा राहून त्या सकाळचं नील्सचं बोलणं पहिल्यापासून आठवायला लागला, एकही शब्द सुटू नये म्हणून.